पाटी आणि पायरी : काशीच्या पंचगंगा घाटाचे एक वाचन

काशीवरच्या मराठी लेखनात एक यादी हमखास भेटते. दशाश्वमेध घाटाच्या बांधणीत पेशव्यांचा हात, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, बायजाबाई शिंदे यांचा सिंधिया घाट, नारायण दीक्षित पाटणकरांनी उभे केलेले ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट. घाट संपले की देवळे सुरू होतात. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंचे, ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाईंचा. यादी वाचून झाली की वाचकाची छाती थोडी फुगते आणि लेख संपतो.

यादी खोटी नाही. आजची काशी मोठ्या अंशी मराठ्यांच्या काळात घडली, हे अनंत सदाशिव आळतेकरांनी १९३७ मध्ये आपल्या काशीच्या इतिहासात मांडले. पुढे डॉ. मोतीचंद्र यांनी १९६२ च्या ‘काशी का इतिहास’ या ग्रंथात त्याला पुष्कळ तपशील दिला. मराठी लेखकांनी त्यातली नावे उचलली, तपशील मात्र बहुधा तिथेच राहिला.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मीही ती यादी केली आहे. माझी नोकरी हिशेबनीसाची. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या कपाटांपुढे उभे राहून. यादी करणे हा हिशेबनीसाचा स्वभावच. ‘काशीतील मराठी घाट’ या नावाने घाट, बांधणारा, सन आणि संस्थान असे चार रकाने आखून मी एक वही भरली होती. काही वर्षांपूर्वी कोजागरीच्या सुमारास आमच्या गावच्या वाचनालयात त्यावर व्याख्यान दिले. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून सत्तरीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, घाट आपल्या माणसांनी बांधले ते कळलं. पण आमची माणसं तेव्हा गेली असती, तर त्यांना कितव्या पायरीपर्यंत उतरू दिलं असतं?”

सभागृह गप्प झाले. गंगा सर्वांचीच असते, अशा अर्थाचे काहीतरी मी बोललो. बाईंनी मान हलवली, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेल्या. मी उत्तर दिले नव्हते, हे त्यांनाही कळले होते आणि मलाही.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे केलेली वाटचाल आहे. त्यासाठी मी एकच घाट निवडला, पंचगंगा. तिथे कार्तिकात गेलो, आणि माझी यादी त्या घाटावर लावून पाहिली.

घाट कसा आहे

असीपासून आदिकेशवापर्यंत काशीचे चौऱ्याऐंशी घाट मोजतात. त्यांतली असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका ही पाच स्थाने पंचतीर्थी म्हणून मुख्य मानली जातात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या जिथे एकत्र येतात ती पंचगंगा, असे काशीखंड सांगते. डोळ्यांना अर्थातच एकच नदी दिसते. काशीखंडाने या तीर्थाला कार्तिक महिना नेमून दिला आहे. कार्तिकात पहाटे इथे स्नान करून वरच्या बिंदुमाधवाचे दर्शन घ्यायचे, हा क्रम अजून मोडलेला नाही.

मी मणिकर्णिकेकडून चालत गेलो. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेनेच पावले पडतात. सिंधिया घाटापाशी रत्नेश्वराचे देऊळ कलून अर्धे पाण्यात उभे आहे. पुढे संकठा घाट, भोसले घाट, राम घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट. वाटेतली नावे ऐकूनच मराठी माणसाला घरच्या आळीतून चालल्यासारखे वाटावे. मंगळागौरीचे देऊळही याच टापूत आहे. मग पंचगंगा.

दशाश्वमेधासारखे मोकळे पटांगण इथे नाही. पाण्यालगत नदीकडे तोंड करून दगडी कोनाड्यांची आणि खोल्यांची ओळ आहे. वरच्या अंगाला चढ आहे, आणि त्या चढाच्या माथ्यावर औरंगजेबाच्या काळातली मशीद. पावसाळ्यात खालच्या खोल्या पाण्याखाली जातात. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात. पंप लावून, फावड्यांनी ओढून तो गाळ पुन्हा नदीत लोटावा लागतो. कार्तिकात आपण ज्या स्वच्छ पायऱ्यांचे फोटो काढतो त्या दरवर्षी अशा उकरून बाहेर काढलेल्या असतात. उकरणाऱ्यांचे नाव कुठल्याच पाटीवर नसते.

मी सवयीप्रमाणे पायऱ्या मोजू लागलो. एक नावाडी विडी ओढत पाहत होता. त्याला विचारले, “कितनी सीढ़ियाँ हैं?” तो म्हणाला, “किस महीने में?”

मी वही मिटली. घाटाची लांबी, सन, बांधणारा हे सगळे एका जागी ठरलेले असते. पायरीची संख्या नदी ठरवते. माझ्या चार रकान्यांत नदीला जागाच नव्हती.

पाटी काय सांगते

आधी पाटीचा विचार करू, कारण यादी पाटीवरूनच तयार होते. पाटीला एक नाव हवे असते. पंचगंगेवर कोणाचे नाव लिहायचे?

सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच रत्नव्यापारी काशीत आला. नदीकाठच्या बिंदुमाधवाच्या भव्य मंदिराचे आणि तिथून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. ते मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. देव जवळच्या वस्तीत गेला. पुढे त्याचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. बाहेरून ते देऊळ वाटतच नाही, एखादा वाडा वाटतो. सातारा भागातल्या माणसाला तो वाडा ओळखीचा वाटेल.

मशिदीचे दोन उंच मनोरे दीर्घकाळ काशीची खूण होते. काशीच्या लोकांनी त्या मनोऱ्यांना नाव दिले ‘माधवराव का धरहरा’. मशीद औरंगजेबाच्या काळातली आणि बोलीतले नाव विष्णूचे. मनोरे कमकुवत झाले तेव्हा त्यांची दुरुस्ती केली जेम्स प्रिन्सेपने. हा इंग्रज १८२० पासून दहा वर्षे काशीच्या टांकसाळीत धातुपरीक्षक होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण काशीचे सांडपाण्याचे भुयारी गटार आणि काशीची रेखाचित्रे हीही त्याचीच कामे. १९४८ मध्ये एक मनोरा कोसळला. दुसरा धोका नको म्हणून पुढे उतरवला गेला. त्यामुळे जुन्या चित्रांत घाटाची जी ओळख आहे ती आज घाटावर नाही.

आणखी एक वस्तू आहे. पायऱ्यांच्या माथ्यावर हजारा नावाचा दगडी दीपस्तंभ आहे. बाहेर आलेल्या अनेक दगडी हातांवर पणत्या ठेवायच्या, अशी रचना. अहिल्याबाईंचे नाव त्याच्याशी जोडले जाते. उत्तरेकडचे यात्रेकरू त्याकडे नवलाने पाहतात. मराठी माणूस पाहताक्षणी म्हणतो, ही तर आपली दीपमाळ. जेजुरीपासून गावोगावच्या ग्रामदैवतापर्यंत आपण ती पाहिलेली असते. पाटीपेक्षा ही वस्तू मला जास्त बोलकी वाटते. देणगी कोणीही देईल. पण दान देताना माणूस आपल्या गावच्या देवळाचे रूप बरोबर नेतो, हे त्या दगडाकडे पाहून कळते.

तेव्हा पंचगंगेच्या पाटीवर पुराणकार, मुघल, औंधकर, होळकर आणि एक इंग्रज अशी दाटी होईल. आपल्या यादीतल्या ‘मराठी घाट’ या रकान्यात ही दाटी मावत नाही म्हणून आपण बाकीची नावे गाळतो. यादीचा पहिला दोष हा. ती खोटे सांगत नाही, पण एका जागेचे एकच मालक ठरवते.

दुसरा दोष त्याहून मोठा आहे, आणि तो बाईंच्या प्रश्नात आला आहे. यादी बांधणाऱ्याचे नाव सांगते, उतरणाऱ्याचे सांगत नाही.

पायरी काय सांगते

मराठीत पायरी हा शब्द साधा नाही. ‘पायरीने वाग’, ‘आपली पायरी ओळख’, ‘तो पायरी सोडून बोलला’. दगडाच्या तुकड्याला आपण माणसाची जागा ठरवण्याचे काम दिले आहे. पंढरपुरात महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्या समोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी. पायरी आत जाण्यासाठी असते आणि थांबवण्यासाठीही असते, हे पंढरीला जाणाऱ्या कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे मनात ठेवून पंचगंगेच्या आणि तिच्या आसपासच्या कथा पुन्हा वाचल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या घाटाच्या कथा राजांच्या नाहीत. त्या पायरीच्या आहेत.

पहिली कथा कबीरांची. विणकराच्या घरातल्या मुलाला रामानंद मंत्र देणार नाहीत, म्हणून तो पहाटेच्या अंधारात पंचगंगेच्या पायरीवर आडवा झाला. स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याच्यावर पडला, त्यांच्या तोंडून रामनाम निघाले, आणि कबीरांनी तोच मंत्र मानला.

दुसरी जगन्नाथ पंडिताची. शाहजहानच्या दरबारात ‘पंडितराज’ ही पदवी मिळवणारा हा आंध्र पंडित. मुसलमान स्त्रीशी संबंध ठेवला म्हणून काशीच्या पंडितांनी त्याला वाळीत टाकले. तेव्हा तो घाटाच्या वरच्या पायरीवर बसून गंगेची स्तुती रचू लागला. एकेका श्लोकाला गंगा एकेक पायरी चढली आणि बावन्न पायऱ्या चढून तिने त्याला पोटात घेतले. ही ‘गंगालहरी’ आपल्याकडे ज्येष्ठातल्या दशहऱ्याला नदीकाठी म्हटली जाते. विद्याधर गोखल्यांच्या १९६० च्या ‘पंडितराज जगन्नाथ’ या संगीत नाटकाने ही कथा मराठी घरांत आणखी पक्की केली.

तिसरी संत रविदासांची, म्हणजे आपल्या रोहिदासांची. ती घाटावरची नाही, आणि तीच गोष्ट महत्त्वाची. चर्मकाराच्या घरात, कातडे भिजवायच्या काथवटीत गंगा प्रकट झाली. जो घाटावर गेला नाही त्याच्याकडे नदी आली.

चौथी कथा आपल्या एकनाथांची. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणला लिहिले आणि उरलेले काशीत. ग्रंथसमाप्तीची नोंद स्वच्छ आहे. शके १४९५, म्हणजे १५७३, कार्तिक पौर्णिमा, स्थळ मणिकर्णिकेचा तीर. पंचगंगा नव्हे. यादीवाल्याला इथे मोह होतो की कार्तिक आहे, पौर्णिमा आहे, मग नाथांना पंचगंगेवरच बसवावे. तो मोह आवरायला हवा. संतचरित्रकार सांगतात, भागवत प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला, पोथी गंगेत टाकली, गंगेने ती वर उचलून धरली, आणि मग त्याच पोथीची मिरवणूक निघाली.

या चौथ्या कथेत मराठी वाचकाने थोडे थांबावे. नाथांच्याच काळात काशीच्या पंडितवर्गात दाक्षिणात्यांचे मोठे वजन होते, आणि त्यांच्यात अग्रभागी होते पैठणहून आलेले भट्ट घराणे. ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारे नारायण भट्ट याच घरातले, आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही त्यांच्याच वंशातले. नाथांना जाब विचारला गेला असेल तर तो परक्यांनीच विचारला, असे समजण्याचे कारण नाही. यादीतले ‘आपण’ इतके एकसंध नव्हते. मराठी पोथी लिहिणारा आपला होता, आणि ती बुडवायला निघालेल्यांतही आपले असू शकतात.

कथांवर दोन आक्षेप

कोणी म्हणेल, या दंतकथा आहेत, संशोधनात त्यांचे काय काम? आक्षेप रास्त आहे. कबीर आणि रामानंद यांच्या भेटीवर काळाच्या हिशेबाने अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. शिवाय आज आपण पाहतो तो काशीच्या घाटांवरचा चुनारचा दगड बहुतांशी अठराव्या शतकात आणि त्यानंतर बसलेला आहे. म्हणजे कबीर या पायरीवर झोपले नव्हते, पंडितराजाने या बावन्न पायऱ्या पाहिल्या नव्हत्या. कथा आधीच्या आणि दगड नंतरचा.

पण यातूनच मला काहीतरी हाती लागले. नवा दगड बसला तेव्हा जुन्या कथा त्याच्यावर येऊन बसल्या. धनिकांनी पायऱ्या बांधल्या त्या स्नानासाठी, पुण्यासाठी, थोड्या नावासाठीही. लोकांनी त्यांच्यावर आठवण ठेवली ती अडवलेल्या माणसांची. काशीला आलेल्या कोणालाही ‘इथे कोणी दगड बसवला’ हे क्वचित माहीत असते. ‘इथे कबीर झोपले होते’ हे नावाडीही सांगतो. घटना घडली की नाही हा एक प्रश्न. लोकांनी कोणती घटना जपायची ठरवली हा दुसरा, आणि दुसऱ्याचे उत्तर पुराव्यासह घाटावर उभे आहे.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे, आणि त्याने मला जास्त छळले. या कथा ऐकून मन भरून येते. गंगेने कोणाला दूर लोटले नाही, असे वाटते. म्हणजे मी वाचनालयात बाईंना जे गुळमुळीत उत्तर दिले होते तेच. पण कथा नीट तपासल्या तर त्या तसे म्हणत नाहीत. कबीरांना मंत्र मिळाला तो अंधारात आणि चुकून. गुरूने दिला म्हणून नव्हे, पाय अडखळला म्हणून. जगन्नाथाला पाणी मिळाले ते चमत्काराने, तेही मरणाच्या वेळी. रोहिदासांना गंगा मिळाली ती घरी, म्हणजे घाट इतरांनाच राहिला. नाथांची पोथी वाचली ती नदीने वाचवली म्हणून, पंडितांनी मत बदलले म्हणून नव्हे. चारही कथांत एक गोष्ट कुठेच घडत नाही. अडवलेला माणूस दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, आपल्या हक्काने पायऱ्या उतरला, असे एकही कथा सांगत नाही.

ते घडले २० मार्च १९२७ ला, महाडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. दिवसा गेले, जाहीर करून गेले, आणि चमत्काराची वाट न पाहता गेले. नंतर सनातन्यांनी पंचगव्य टाकून तळे ‘शुद्ध’ केले. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पंढरपूरचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावे लागले. काशीत विश्वनाथाच्या देवळात दलितांनी प्रवेश करण्याचा प्रश्न १९५० च्या दशकापर्यंत धुमसत होता. प्रवेश झाल्यावर करपात्री स्वामींनी त्याच्या विरोधात वेगळे विश्वनाथ मंदिर उभारले. अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळाची ही गोष्ट आहे. आपल्या यादीत त्या देवळाच्या बांधणीचा काळ असतो. ते सर्वांसाठी कधी उघडले, याचा काळ नसतो.

एवढ्यावरून अहिल्याबाईंचे मोठेपण कमी होत नाही. त्या काळात ज्यांच्या हाती काहीच नव्हते अशा यात्रेकरूंसाठीही त्यांनी वाटा, विहिरी, धर्मशाळा केल्या. पण बांधणाऱ्याचे मोठेपण आणि व्यवस्थेचा कोतेपणा या दोन्ही गोष्टी एकाच दगडावर असू शकतात, आणि लिहिणाऱ्याने दोन्ही लिहायच्या असतात.

उंबऱ्यावरचा सनईवाला

पंचगंगेला लागूनच बालाजीचे मंदिर आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा लहानपणापासूनचा रियाज या मंदिरातला. सनई देवाला जागवते, पण सनईवाल्याची जागा ड्योढीवर, म्हणजे उंबऱ्यापाशी. ‘उंबऱ्यावर बसवले’ म्हणून कोणी हळहळेल, तर कोणी ‘हीच आपली गंगाजमनी संस्कृती’ म्हणून लेख लिहील. मला दोन्ही वाक्ये अपुरी वाटतात. तो माणूस रोज पहाटे तिथे येऊन बसला, वर्षानुवर्षे बसला आणि त्या उंबऱ्यालाच त्याने आपले स्थान केले. पुढे देशाने त्याला भारतरत्न दिले, तरी त्याने काशी सोडली नाही. पायरी दुसऱ्यांनी ठरवली असली तरी तिच्यावर बसून काय वाजवायचे ते त्याने ठरवले. घाटाच्या कथांमध्ये ही पाचवी मी धरतो. ती आपल्या आठवणीतली आहे, आणि चमत्काराशिवायची आहे.

कार्तिकातले दिवे

मी पंचगंगेवर पोचलो तेव्हा कार्तिक अर्धा झाला होता. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा कार्तिक आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आपला कार्तिक बलिप्रतिपदेला. पण आपल्या खेड्यांतला काकडा आठवा. तोही कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच चालतो. कागदावरचे पंचांग वेगळे असले तरी पहाटे उठणाऱ्यांचा महिना गोदाकाठी आणि गंगाकाठी एकच आहे.

अंधार पडल्यावर घाटावर उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या टोपल्या चढतात. प्रत्येक टोपलीत एक दिवा. हे आकाशदीप, पितरांना वाट दिसावी म्हणून लावलेले. आपल्या गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा हा थोरला भाऊ. दोरीने टोपली वर जाते, वाऱ्याने थोडी हलते. खालून पाहणाऱ्याला कोणती टोपली कोणाच्या पितरांची ते कळत नाही. बांबूला पाटी नसते.

महिनाअखेरीला कार्तिक पौर्णिमा येते, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. त्या रात्री सगळ्या घाटांवर देवदिवाळी होते. आज तिचा देखावा जगप्रसिद्ध आहे, पण आजच्या स्वरूपात ती १९८० च्या दशकात सुरू झाली, आणि सुरुवात या पंचगंगेवरच झाली. मी ती रात्रही पाहिली. हजारा उजळला होता, पायऱ्या दिव्यांनी भरल्या होत्या, आणि नावेतल्या जागेला, गच्चीवरच्या खुर्चीला दर लागले होते. जवळून पाहायचे तर जास्त, लांबून पाहायचे तर कमी. जातीने पायरी ठरवणे कायद्याने बंद झाले. आता ती खिशाने ठरते. माझ्यासारख्याची पायरी मागची होती. तक्रार नाही, नोंद आहे.

त्या रात्री माझ्या मनात नाथ होते. बरोबर याच तिथीला, इथून थोड्याच अंतरावर, एका पैठणकराने मराठी ओवीची शेवटची ओळ लिहून बोरू खाली ठेवला होता. काशीतल्या मराठी माणसाच्या कामांची यादी करायची तर पहिली ओळ ही असायला हवी. ती माझ्या वहीत नव्हती. ते काम दगडाचे नव्हते, म्हणून माझ्या रकान्यांत बसले नव्हते.

पाचवा रकाना

परत आल्यावर वही पुन्हा काढली. घाट, बांधणारा, सन, संस्थान या चार रकान्यांना हात लावला नाही. ते मेहनतीने जमवले आहेत आणि बरोबर आहेत. उजवीकडे पाचवा रकाना आखला. शीर्षक दिले, ‘कोणाला उतरता येत नव्हते’.

बहुतेक ओळींपुढे तो कोरा आहे. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत नोंद होते ती यजमानाची. ज्याला यजमान म्हणून कोणी धरलेच नाही, त्याची वही कोणत्या उपाध्याकडे मागायची? दानपत्रांत ब्राह्मणभोजनाची पात्रे मोजलेली असतात. पायऱ्यांवरून परत पाठवलेली माणसे कोणी मोजलेली नसतात. पण कोरा रकाना आखलेला असणे आणि रकानाच नसणे यात फरक आहे, हे हिशेबाचे काम करणाऱ्याला तरी पटावे. पहिल्यात येणे बाकी असल्याचे दिसते. दुसऱ्यात खाते पुरे झाल्यासारखे वाटते. आपल्या काशीविषयक लेखनाने आजवर खाते पुरे झाल्याचे दाखवले आहे.

मागच्या कोजागरीला वाचनालयात पुन्हा बोललो. त्या बाई आल्या होत्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी या वेळी सरळ दिले. “बाई, कथांवर विश्वास ठेवायचा तर अंधारात एका पायरीपर्यंत, तेही कोणाच्या चुकीने. उजेडात उतरायला आपल्या लोकांना महाडपर्यंत थांबावं लागलं.”

त्यांनी विचारले, “आणि आता?”

मी म्हटले, आता सगळ्या पायऱ्या मोकळ्या आहेत, कार्तिकात पहाटे पाणी फार थंड असते, आणि खालच्या पायऱ्यांवर गाळामुळे पाय घसरतो. त्या म्हणाल्या, “मग काठी घेऊन जाईन.”